कधी लागतो, कधी लागत नाही: जुन्या गाडीच्या ब्रेकची चिकित्सा

जुन्या गाडीचा ब्रेक गॅरेजच्या दारात सहसा बिघडत नाही. मेस्त्री पॅडल दाबतो, गल्लीत एक फेरी मारतो आणि ‘ब्रेक तर ओके आहे’ म्हणत किल्ली परत देतो. तरी गाडी आणलीच आहे म्हणून पॅड साफ होतात, हवा काढली जाते, डबीत थोडं ऑइल ओतलं जातं. चार दिवस बरे जातात. मग एखाद्या उतारावर, भर पावसात किंवा ट्रॅफिकमध्ये तासभर रेंगाळल्यावर पहिलं दुखणं परत. पुढच्या खेपेला मास्टर सिलेंडर बदलतात, त्यानंतर बूस्टर, त्यानंतर कॅलिपर. गाडीच्या बाजारभावाच्या निम्मे पैसे ब्रेकवर घालूनही मालक धास्तावलेलाच असतो.

ही गाडी लहरी नसते. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाला काहीतरी अट असते: उष्णता, पाणी, उभं राहणं, वळण, इंजिनाचा वेग, खड्डे, मागच्या सीटवरचं वजन. ती अट पूर्ण झाली की बिघाड दिसतो, नाहीतर लपतो. गॅरेजातली तपासणी मात्र थंड गाडीवर, सपाट जमिनीवर आणि एकट्या माणसाला बसवून होते. म्हणजे जवळजवळ सगळ्या अटी काढून टाकून. त्यामुळे ‘कोणता पार्ट गेला’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘केव्हा होतं’ हा. जुन्या मेस्त्रींपैकी जे खरे जाणकार असतात ते बॉनेट उघडण्याआधी याच्याच उलटतपासणीत पाच-दहा मिनिटं घालवतात.

‘ब्रेक नीट लागत नाही’ या एका तक्रारीत चार वेगळी दुखणी कोंबलेली असतात. पॅडल मऊ होऊन खाली जातं. पॅडल दगडासारखं कडक होतं, पण गाडी थांबत नाही. पाय नसतानाही ब्रेक पकडून ठेवतो. आणि चौथं म्हणजे गाडी एका बाजूला ओढते किंवा थरथरते. यातलं नेमकं कोणतं, हे मालकाने नीट सांगितलं तर निम्मं काम झालं. पहिली दोन तर एकमेकांच्या उलट आहेत. तरी दोन्हींना ‘ब्रेक फेल’ हा एकच शिक्का बसतो.

घाटापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात हे दुखणं बहुधा घाटातच उघडं पडतं. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसकट टनभर वजनाची गाडी धरली तर या उतरणीत जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढीत सतरा-एक लिटर पाणी उकळेल. त्यातली थोडी हवा खाते, थोडी टायर. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर बराच वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये असेल तर तोही ब्रेकवर येतो.

ही उष्णता दोन जागी मार देते. एक, पॅड किंवा लायनरच्या घासणाऱ्या पृष्ठावर. प्रमाणाबाहेर तापलेल्या लायनरची पकड कमी होते. पॅडल कडकच राहतं, पाय पूर्ण जोर लावतो आणि गाडी सरकत राहते. ड्रममध्ये आणखी एक भानगड असते. लोखंडी ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, त्यामुळे पॅडलही खाली जायला लागतं. डिस्क तापली तर जाडीने पॅडच्या दिशेनेच फुगते, म्हणून तिथे हा तोटा नाही. बहुतेक प्रीमियर पद्मिनींना चारही चाकांना ड्रम होते; त्या चालवलेल्या माणसांना घाटाच्या मध्यावर गाडी बाजूला घेऊन थांबायची सवय होती, ती उगीच नव्हे.

दुसरा मार ब्रेक ऑइलवर बसतो, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. नेहमीच्या गाड्यांमध्ये वापरलं जाणारं डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं द्रव हवेतली ओल शोषून घेतं. रबरी नळ्यांतून आणि डबीच्या झाकणातून ती हळूहळू आत शिरते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटातल्या तापलेल्या कॅलिपरला १४० अंश फार लांब नसतात. द्रव उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल पाटापर्यंत जातं. गाडी थंड झाली की वाफेचं परत द्रव होतं आणि पुरावा नाहीसा होतो.

यातला सर्वांत फसवा प्रकार घाट उतरताना होत नाही, उतरून थांबल्यावर होतो. गाडी चालू असताना चाकांवर वारा लागत असतो. पायथ्याशी चहाला थांबलं की वारा बंद, आणि तापलेल्या डिस्कची उष्णता सावकाश कॅलिपरमधून आतल्या ऑइलमध्ये उतरते. दहा मिनिटांनी गाडी काढताना पहिलंच पॅडल खोल जातं. मालक शपथेवर सांगतो की घाटात ब्रेक उत्तम होता. तो खरंच बोलत असतो. अशा गाडीत आधी ऑइल बदलायचं. मास्टर सिलेंडरचा विचार नंतर. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. आपल्याकडे ते बदललं जात नाही, वरून ओतलं जातं, आणि त्यामुळे दुहेरी नुकसान होतं. पॅड झिजतात तशी डबीतली पातळी खाली जाते आणि एक दिवस वळणावर लाल दिवा लुकलुकतो. ती झीज दाखवणारी खूण असते, आणि वरून ओतल्याने नेमकी तीच पुसली जाते.

कडक पॅडलचं दुसरं कारण बूस्टर. इंजिनाच्या ओढीने तयार होणारा व्हॅक्यूम पायाच्या जोराला हात देतो. तो नसला तर ब्रेक लागतो, पण दोन्ही पाय लावावेत इतका जोर लागतो. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे लोक अजूनही आहेत. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, मग संपतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने एकामागून एक गाड्यांना ठोकरलं, तेव्हा पहिली बातमी ब्रेक निकामी झाल्याची होती. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी नंतर प्राथमिक तपासावरून सांगितलं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, मोटारीचे तसे नाहीत. पण इंजिन बंद केलं की ब्रेकचा आधार तुटतो, हे दोन्हीकडे सारखंच.

बूस्टर स्वतः अधूनमधून दगा देतो तेव्हा बहुतेकदा पडदा फाटलेला नसतो. कडक होऊन चिरलेला रबरी पाइप किंवा त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह दोषी असतो, आणि ही दोन्ही कामं स्वस्तातली आहेत. जुन्या डिझेल गाड्यांमध्ये व्हॅक्यूम पंप वेगळा असतो, अनेकदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. तो झिजला की रिकाम्या चालीवर व्हॅक्यूम भरायला वेळ लागतो. पार्किंगमध्ये पुढे-मागे करताना लागोपाठ तीन-चार ब्रेक मारले की चौथा कडक. हमरस्त्यावर मात्र काहीच तक्रार नाही. तपासणी घरच्या घरी होते. इंजिन बंद करून पॅडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही तर पाइपपासून शोध सुरू.

तिसरं दुखणं, स्वतःहून पकडणारा ब्रेक, मला सगळ्यांत रंजक वाटतं. कारण ते नीट शोधता येतं आणि तरी सर्वांत जास्त पार्ट याच्यावर वाया जातात. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर व्यवस्थित जाते. मग जड वाटायला लागते, ॲक्सिलरेटर जास्त मागते, पॅडल वरच्या वर आणि टणक होतं, जळका वास येतो. अर्धा तास उभी केली की आपोआप मोकळी. टो करून गॅरेजात नेईपर्यंत ती धडधाकट झालेली असते.

याचं एक कारण मास्टर सिलेंडरमध्ये असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की एक बारीक भोक उघडं पडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून डबीत परत जातं. पिस्टन एखाद-दुसरा मिलिमीटरही पुढे अडकला तर भोक झाकलेलंच राहतं. ऑइल तापतं, फुगतं, जायला वाट नसते, म्हणून पॅड डिस्कवर दाबले जातात. त्याने आणखी उष्णता, आणखी दाब. पिस्टन अडकण्याची कारणं क्षुल्लक असतात. पॅडलजवळचा ब्रेकलाइटचा स्विच बदलताना जास्त आत बसवला, पुशरॉडची सेटिंग न मोजता नवा बूस्टर चढवला, किंवा पॅडलची स्प्रिंग मरगळली. पॅडलला वरच्या टोकाला किंचित मोकळी चाल आहे की नाही, हे बोटाने कळतं. ते न पाहता कॅलिपर उघडणं म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणं.

गाडी पकडलेल्या अवस्थेत हाती लागली, तर संशयित एकेक करून वगळता येतात. पकडलेलं चाक जॅकवर घ्यायचं, हाताने फिरत नाही याची खात्री करायची, बाकीच्या चाकांना दगड लावायचे. आधी बूस्टरवरचे मास्टर सिलेंडरचे दोन नट सैल करून सिलेंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढायचा. चाक सुटलं तर दोष पॅडल, स्विच किंवा पुशरॉडचा. नाही सुटलं तर मास्टरमधून निघणाऱ्या पाइपचा नट किंचित ढिला करायचा. आता सुटलं तर मास्टरच्या आत गडबड. तरीही नाही, तर चाकाजवळचा निपल आठ किंवा दहा नंबरच्या पान्याने पाव फेरा उघडायचा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मधल्या नळीत कोंडला होता. आणि निपल उघडूनही चाक हललं नाही तर दाबाचा संबंधच नाही. कॅलिपरचा पिस्टन, पिना किंवा आतले शू गंजून बसलेत. हे करताना बऱ्याच जणांचे हात भाजतात आणि ऑइलने मडगार्डचा रंग उडतो, म्हणून चिंधी आणि पाणी जवळ असावं. नट सैल केले की नंतर सगळीकडची हवा काढावीच लागते.

किती चाकं पकडतात यावरूनही बरंच कळतं. चारही धरली तर मास्टर किंवा बूस्टरकडे पाहायचं. पुढचं एक आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं एक अशी तिरपी जोडी धरली तर मास्टरच्या दोनपैकी एका सर्किटवर संशय, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग तिरपे विभागलेले असतात. एकच चाक धरलं तर कॅलिपर नाहीतर रबरी होज. या होजवर आपल्याकडे कुणी संशय घेत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारी पंधरा-वीस वर्षांची होज आतून सोलून निघते आणि तिचा पापुद्रा दाराच्या झडपेसारखा वागतो. पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जातं, परत येताना अडतं. कॅलिपर बदलून, किट टाकून, पिना ग्रीस करूनही तेच चाक तापत राहिलं, की शेवटी होज बदलली जाते. ती पहिल्या फेरीतच बदलायला हवी होती.

चारही चाकं पकडण्यामागे एक मानवी कारणही असतं. डबीत भलतंच तेल पडलेलं असतं, पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनाचं. पेट्रोलियमजन्य तेलाने ब्रेकचे रबरी वॉशर फुगतात. एकदा हे झालं की ऑइल बदलून भागत नाही. रबर जिथे जिथे आहे तिथे तिथे बदलावं लागतं. डबीच्या झाकणातलं रबर फुगून बेढब झालेलं दिसलं तर निदान जागच्या जागी झालं.

आता मऊ पॅडल. सिग्नलला हलका पाय ठेवून उभं असताना पॅडल हळूहळू बुडतं आणि जोरात दाबलं तर घट्ट उभं राहतं. हे झिजलेल्या मास्टर सिलेंडरचं खास लक्षण आहे. कमी दाबात वॉशर भिंतीला नीट टेकत नाही, जास्त दाबात टेकतो. म्हणून गॅरेजात मेस्त्रीने कचकन पॅडल मारलं की सगळं ठीक. अर्धा-एक मिनिट हलका पाय ठेवून बघायला हवं, आणि एवढा धीर फार थोड्यांकडे असतो. ऑइलची पातळी घटते पण चाकं, पाइप, कुठेच ओल नाही, असं असेल तर मास्टरच्या मागच्या सीलमधून ते बूस्टरमध्ये झिरपतंय का पाहावं. खराब रस्त्यावरून आल्यावर पहिला ब्रेक खोल आणि दुसरा बरोबर, ही तक्रार वेगळीच आहे. ढिल्या बेअरिंगमुळे डिस्क डगमगते आणि पॅडना मागे ढकलून देते. बेअरिंग बदलल्यावर ब्रेक सुधारतो, हे मालकाला पटवणं अवघड जातं.

आणि दरवेळी दुसऱ्या पंपाला ब्रेक वर येत असेल तर मागचे ड्रम उघडा. तिथली आपोआप जुळणारी रचना गंजून थांबलेली असते. शू लांब राहतात, पहिला दाब ते अंतर भरण्यात जातो. यावर प्रचलित उपाय हँडब्रेकची केबल ताणण्याचा आहे, आणि तो चुकीचा आहे. ताणलेली केबल शूंना मूळ जागी येऊ देत नाही, त्यामुळे अनेक गाड्यांमधली जुळणी आणखी बंद पडते. आधी केबल सैल करून शू जुळवायचे, मग शेवटी हँडब्रेक.

पावसाळा हा स्वतंत्र अध्याय आहे. साचलेल्या पाण्यातून गेलं की ड्रम बराच वेळ ओले राहतात. रात्रभर भिजलेल्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक मात्र उलट जास्तच झोंबतो, कारण डिस्कवर गंजाचा पातळ थर आणि ड्रममध्ये ओली धूळ असते. दोन-चार ब्रेकमध्ये ते सुटतं आणि त्याची चिंता करू नये. कोकण-गोव्यातली खारी हवा याहून वाईट. तिथे कॅलिपरच्या पिना अडकतात, एकच पॅड झिजतो, गाडी एका अंगाला ओढते. आणि लोखंडी ब्रेक पाइप नेमका क्लिपखाली, जिथे दिसत नाही तिथे, गंजतो. उभ्या राहणाऱ्या गाड्यांची गत अशीच. मुलं परदेशात, आईवडील पुण्यात, गाडी सोसायटीत कव्हरखाली आणि दिवाळीत एकदा हमरस्त्यावर. किलोमीटर कमी म्हणून गाडी ‘नवी’ समजली जाते. पण ऑइल आणि रबर किलोमीटरवर जुनं होत नाही, वर्षांवर होतं.

थरथरीबद्दल थोडक्यात. ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हणतात. खरं तर बहुतेकदा जाडी कुठे कमी-कुठे जास्त झालेली असते, तीही मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, किंवा पॅडचा थर डिस्कला असमान चिकटलेला असतो. लेथवर लावण्याआधी हबचा गंज घासून डिस्क परत बसवून पाहावी आणि चाकाचे नट समोरासमोर, सारख्या जोराने आवळावेत.

एबीएस असलेल्या जुन्या गाड्यांनी एक नवा घोटाळा आणला. गाडी थांबतानाच्या शेवटच्या काही मीटरमध्ये पॅडल करकरतं आणि गाडी जरा पुढे सरकते. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर किंवा त्याच्यासमोरची दातेरी रिंग गंजली, मळली, तडकली की कमी वेगात सिग्नल तुटतो. कॉम्प्युटरला वाटतं चाक अडकलं, आणि तो ब्रेक सैल सोडतो. डॅशवरचा दिवा लागतोच असं नाही. इथे स्कॅनरचा खरा उपयोग आहे: चारही चाकांचे वेग थेट पाहत सावकाश गाडी थांबवायची, एक आकडा इतरांआधी शून्यावर पडला की चाक सापडलं. पण नुसता ‘कोड नाही, म्हणजे दोष नाही’ म्हणणारा स्कॅनरवाला आणि गल्लीत फेरी मारणारा मेस्त्री यांत फरक फार नाही.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासून घ्यावी लागते. स्वयंचलित केंद्रावरचे रोलर प्रत्येक चाकाची ताकद वेगळी मोजतात, आणि डावी-उजवीकडचा फरक डोळ्यांना दिसत नाही तो तिथे आकड्यात दिसतो. तो कागद जपून ठेवावा. मात्र रोलरला गाडी एका क्षणापुरतीच भेटते. उकळतं ऑइल, तापून अडकणारा पिस्टन, बेअरिंगचा डगमग त्याच्या तावडीत येत नाहीत.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: सगळ्यात आधी पायाखालची मॅट आणि सीटखालून घरंगळणारी पाण्याची बाटली पाहावी, कारण पॅडल अडवणारी ती बाटलीही ‘अधूनमधून’च येते. मग ताजं ऑइल, मग पिना साफ करून योग्य ग्रीस, मागचे ड्रम आणि जुन्या होज. एवढ्यावर बहुसंख्य तक्रारी मिटतात. मास्टर सिलेंडर नुसत्या किटवर निभावायचा की अख्खा बदलायचा, यात मी बदलण्याच्या बाजूचा आहे. आतली भिंत गंजाने खवली असेल तर नवे वॉशर थोड्याच दिवसांत झिजतात. आणि खोक्यावर नाव असलेला, पण भावात संशय यावा इतका स्वस्त पार्ट घेऊ नये.

दुरुस्ती झाली, हे ठरवायचं कसं? गॅरेजच्या गल्लीत नक्कीच नाही. बिघाड ज्या अटीवर येत होता, ती अट मुद्दाम उभी करावी. तासभर चालवल्यावर पकडत असेल तर मेस्त्रीला शेजारी बसवून तासभर मोकळ्या रस्त्यावर न्यावं, मग डाव्या-उजव्या चाकांजवळ हात नेऊन, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने, उष्णता ताडून पाहावी. एकाच ॲक्सलवरची दोन चाकं साधारण सारखी तापली पाहिजेत. सिग्नलला बुडत असेल तर पूर्ण मिनिटभर हलका पाय. पावसात होत असेल तर पाण्याचा पाइप. घाटाचीच तक्रार असेल तर आधी छोटा उतार, कमी गिअर, मागे गर्दी नसलेली सकाळ, आणि हँडब्रेक आधीच तपासलेला. पॅडल खाली जाण्याची तक्रार पूर्ण मिटेपर्यंत ती गाडी घरच्यांना घेऊन घाटात न्यायची नाही.